त्रेसष्ट अणू

बेसा, नागपूर
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय नंदिनी,
सप्रेम जयभीम.

पत्र पाहून घाबरू नको, कोणी मेलं नाही. तुझी मामी ठणठणीत आहे अन् मी बी आहे, फक्त कान तेवढे रिटायर झाले. परवा तू अर्धा तास फोनवर ओरडून ओरडून सांगत होती का तू काय करून राहिली, अन् मी नुसतं हो हो करत होतो. फोन ठेवल्यावर मामीनं विचारलं, "काय म्हणते पोरगी?" मी म्हटलं, "सूर्यावरून अननस पकडून राहिली." मामी म्हणे, "अणू म्हणाली असेल." म्हणून आता ठरवलं. फोनवर फक्त जेवली का, झोपली का. बाकी सारं कागदावर. कागद मले बरोबर ऐकू येते.

पत्राचं कारण शालिकराम डहाके. आमच्या वेणुवन सोसायटीचा अध्यक्ष, रिटायर्ड हेडमास्तर. अजून बी सोसायटीची मीटिंग घेते तं हजेरी घेतल्यावानी घेते. रविवारी झेंडावंदनाच्या मीटिंगमध्ये सर्वांसमोर मले विचारते, "लोणारेजी, तुमची भाची एकोणतीस वर्षांची झाली, अजून विद्यार्थीच आहे का?" मी म्हटलं, सायंटिस्ट आहे, बंगळूरले. "कशाची?" मी म्हटलं, सूर्याची. तं म्हणते, "सूर्याचं आता काय शोधायचं राह्यलं? रोज तं दिसते."

सारे हसले वं. एकतीस वर्षं मी कोराडीच्या विजेच्या प्लांटमध्ये मीटर सांभाळले. साहेबानं विचारलं अन् मी रीडिंग सांगतलं नाही असं एक दिवस झालं नाही. अन् इथं घरच्या पोरीचं रीडिंग मले माहीत नाही.

दुसरी गोष्ट. मोबाईलवर मेसेज फिरून राहिला का सौर वादळ येऊन राहिलं, फोन स्टीलच्या डब्यात ठेवा. मामीनं माझा फोन कणकेच्या डब्यात ठेवला. तीन दिवस पोळ्यायले रिंगटोन येत होती. हे खरं आहे का?

सोप्या मराठीत लिही. मले समजलं तं शालिकरामले समजावीन. नाही समजलं तरी समजावीन.

तुझा मामा,
धम्मानंद

◆

बंगळूर
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय मामा,
सप्रेम जयभीम.

फोन डब्यातून काढा. सौर वादळाचा त्रास उपग्रहांना होतो, विजेच्या मोठ्या लाईनींना होतो, अंतराळवीरांना होतो. कणकेला होत नाही.

आता अननस. सूर्यावर अधूनमधून मोठे उद्रेक होतात. त्यातून प्रोटॉन नावाचे कण प्रचंड वेगानं बाहेर फेकले जातात. प्रोटॉनवर विजेचा भार असतो, आणि भार असला की तो चुंबकाच्या तावडीत सापडतो. सूर्यापासून आपल्यापर्यंत चुंबकीय रेषांचं जाळं आहे. हे कण त्या रेषांना धरून गिरक्या घेत, वळसे घालत येतात. कोराडीहून बेस्याला यायला निघालेली बस कशी अख्खं शहर दाखवून आणते, तसं. पोचल्यावर त्यांना "कुठून निघालात?" विचारण्यात अर्थ नसतो.

पण थोडे प्रोटॉन सूर्याजवळच कुठून तरी एक इलेक्ट्रॉन उचलतात आणि हायड्रोजनचा अणू होऊन बसतात. भार शून्य. मग चुंबक त्यांना हातही लावू शकत नाही. ते नाकासमोर सरळ येतात आणि बसमधली गर्दी पोचायच्या कितीतरी आधी दारात उभे राहतात. यांना म्हणतात ऊर्जावान उदासीन अणू. उदासीन म्हणजे दुःखी नव्हे, न्यूट्रल. ते सरळ आलेले असल्यामुळे उद्रेकात नेमकं कुठे आणि कधी काय झालं ते त्यांच्याकडून कळतं. अडचण एकच, ते फार म्हणजे फारच थोडे असतात. सूर्याच्या उद्रेकातून आलेले हे अणू जगात अगदी मोजक्या वेळा दिसलेत.

आता जे लिहिते ते फक्त तुमच्यासाठी. मागच्या वर्षीच्या एका उद्रेकाचा डेटा मी तपासत होते. आमच्या यानावरच्या यंत्रानं, गर्दी पोचायच्या अडीच तास आधी, एका तासात त्रेसष्ट कण मोजलेत. सगळे थेट सूर्याच्या दिशेनं आलेले. सुशील सरांना, म्हणजे माझ्या गाईडना, आलेख दाखवला तर ते खुर्चीतून उठले. पाच वर्षांत मी त्यांना फक्त चहासाठी उठताना पाहिलंय.

माझी फेलोशिप मार्चमध्ये संपते. जर्मनीत एका गटात जागा निघाली आहे, त्यांना हा पेपर हवा आहे. पेपर झाला तर मी जाते. नाही झाला तर शालिकरामजी बरोबर ठरतील.

तपासणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही सांगू नका. कोणालाही म्हणजे त्यांनाही.

तुमची,
नंदिनी

◆

बेसा
६ सप्टेंबर २०२५

प्रिय नंदिनी,
सप्रेम जयभीम.

पत्र चार वेळा वाचलं. समजलं. मामीले वायरिंगवरून समजावलं का फेज म्हणजे प्रोटॉन, हात लावला तं झटका, अन् न्यूट्रल म्हणजे तुझे अणू. मामी म्हणे, "न्यूट्रल मले माहीत आहे. तुमची आई अन् मी भांडत होतो तेव्हा तुम्ही जे पेपर वाचत बसत होते, ते न्यूट्रल." मी पुढं समजावलं नाही.

आता एक गोष्ट सांगतो, रागावू नको. तू म्हटलं कोणाले सांगू नका. मी कोणालेच सांगतलं नाही. फक्त शालिकरामले सांगतलं. अन् त्यालेबी गुप्त आहे असं सांगूनच सांगतलं. त्याचं तोंड पाहायले पाहिजे होतं तू! हेडमास्तरले गणित चुकल्यावर होते तसं. मंग म्हणते, "त्रेसष्ट? मोजून?" मी म्हटलं, मोजून.

आता त्याचा जावई पेपरात आहे हे मले काय माहीत?

कात्रण सोबत पाठवलं आहे. मथळा मोठ्या अक्षरात आहे, "नागपूरच्या कन्येने पकडले सूर्याचे अणू". फोटो तुझ्या बारावीच्या हॉलतिकिटाचा आहे, घरात दुसरा सापडला नाही. तेल लावलेल्या दोन वेण्या आहेत, पण चेहरा हुशार दिसते.

अन् सोसायटीनं १२ ऑक्टोबरले, रविवारी, तुझा सत्कार ठेवला आहे. शाल, सन्मानचिन्ह, मंग मसालेभात. शालिकराम स्वतः अध्यक्षस्थानी. तू यावं अशी सर्वांची इच्छा आहे. माझी तं आहेच.

तुझा मामा

◆

बंगळूर
१५ सप्टेंबर २०२५

मामा,

जयभीम.

"राखेतून उठून सूर्याला गवसणी" हे कोणी लिहिलं? मी राखेत वाढले नाही. आई गेल्यावर मी तुमच्या क्वार्टरमध्ये वाढले आणि मामी दिवसातून दोनदा फरशी पुसायची. आणि "लहानपणापासून सूर्याकडे एकटक पाहत असे" म्हणे. मी सूर्याकडे एकटक पाहत असते तर आज चष्म्याच्या दुकानानंही मला भाची म्हणून दत्तक घेतलं असतं.

मला वाटलं, सर आता मला हाकलून देतील. त्यांना ते कात्रण नागपूरच्या कोण्या वर्गमित्रानं पाठवलं. त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. मी बोलायची वाक्यं पाठ करून गेले. आणि मामा, ते खूश होते! त्यांनी कात्रणाची रंगीत प्रत काढून नोटीस बोर्डावर लावली. माझ्या दोन वेण्या आता संस्थेच्या जिन्याजवळ आहेत. येणारा-जाणारा बघतो आणि मग माझ्याकडे बघतो. एवढंच नाही, डिसेंबरच्या परिषदेत आम्ही हे मांडणार असं त्यांनी त्याच दुपारी कळवूनही टाकलं. जर्मनीलाही मेल गेला.

तुम्ही सांगितलं नसतं तर मला अजून दोन महिने मिळाले असते. शांतपणे बघता आलं असतं. त्या त्रेसष्टमध्ये अजून एक गोष्ट बघायची होती मला. जाऊ दे.

सत्काराला मी येणार नाही.

नंदिनी

◆

बेसा
२२ सप्टेंबर २०२५

प्रिय नंदिनी,
सप्रेम जयभीम.

चूक झाली. माझीच झाली. शालिकरामवर ढकलायचं होतं, पण मामी पत्र वाचून मंगच पाकिटात टाकू देते.

पण मले तुझ्या पत्रातलं दुसरंच खटकून राहिलं. तू लिहिलं, "जाऊ दे." बारावीच्या फिजिक्सच्या पेपरावरून घरी आली होती तू, मी विचारलं कसा गेला, तं म्हटलं, "एक प्रश्न होता... जाऊ दे." मंग दोन दिवस जेवली नव्हती. तू जाऊ दे म्हणते तेव्हा ते गेलेलं नसते.

म्हणून तुले एक गोष्ट सांगतो. आमच्या टाकीले पाणी किती आहे ते दाखवणारं नवीन यंत्र बसवलं. रोज दुपारी साडेचार वाजता ते दाखवे, टाकी फुल. चौकीदार धोंडबा पंप बंद करे. अन् सहा वाजता सर्वांच्या नळाले हवा. शालिकरामनं मीटिंग घेतली. कोणी म्हणे पाणी चोरी जाते, कोणी म्हणे धोंडबा झोपते. त्याले काढायची गोष्ट सुरू झाली. धोंडबा बिचारा हात जोडून उभा. मले ते पाहवलं नाही. मी वर चढलो. हे मामीले माहीत नाही, ती हे पत्र वाचायच्या आधी मी पाकीट बंद करून राहिलो.

वर काय पाहतो? सेन्सरचं झाकण बोटभर सरकलेलं. साडेचारले ऊन तिरपं होते अन् बरोबर त्या फटीतून आत जाते. सेन्सर बिचारं उजेडालेच पाणी समजून राहिलं. झाकण बसवलं, खटला खतम. धोंडबा अजून बी मले पाहिलं का उभा राहते.

आता तू म्हणते, तुझे त्रेसष्ट सूर्याच्या दिशेनंच आले. सूर्याच्या दिशेनं तं ऊन बी येते वं!

मले तुझ्या यंत्रातलं काही समजत नाही. पण त्या तासात तुझं यान काय करून राहिलं होतं? जिथल्या तिथं होतं का थोडं बी वळलं होतं? अन् तुझ्या यंत्रावर झाकण आहे का? एवढं पाहून घे. मीटर काही दाखवते तेव्हा आधी मीटरकडे पाहावं, मंग बॉयलरकडे. बरोबर निघालं तं मी पुन्हा छापून आणतो.

तुझा मामा

◆

बंगळूर
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय मामा,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र आलं आणि मी दोन दिवस कॉम्प्युटर उघडला नाही. तिसऱ्या दिवशी उघडला.

आमच्या यंत्राच्या तोंडावर धातूचा अगदी पातळ पापुद्रा ताणलेला असतो. कण त्यातून आत जातात, ऊन जात नाही. तेच आमचं झाकण. आणि यान कधी कुठे वळलं याची नोंदवही असते. त्या दिवशी पृथ्वीकडे अँटेना धरण्यासाठी यान चार अंश वळलं होतं. वळलेल्या स्थितीत ते अठ्ठावन्न मिनिटं होतं. माझे त्रेसष्ट कण त्याच अठ्ठावन्न मिनिटांतले आहेत. एकही आधीचा नाही, एकही नंतरचा नाही.

मग मी असे दिवस शोधले, जेव्हा यान तसंच वळलं होतं पण सूर्यावर काहीच झालं नव्हतं. पाच सापडले. पाचही दिवस यंत्रानं कण मोजलेत. एकदा अठ्ठावन्न, एकदा एकाहत्तर. पापुद्र्याच्या कडेला कुठेतरी सुईच्या टोकाएवढं भोक आहे आणि यान वळलं की त्यातून ऊन आत जातं.

तुमची टाकी, मामा. अगदी तुमची टाकी.

आता जे "जाऊ दे" होतं ते सांगते. अणू सूर्यावरून एकाच वेळी निघाले तर जोरात पळणारे आधी पोचणार, हळू पळणारे मागून. तासाभराचा फरक पडायला हवा. माझे त्रेसष्ट सगळे एकदम आले, आणि एकदम थांबले. हे मला जूनपासून माहीत होतं. जूनपासून! मी त्याच्यासाठी एक छानसं वाक्य तयार केलं होतं, "संख्या कमी असल्याने वेगानुसार क्रम स्पष्ट दिसत नाही." सरांनी ते वाचलं आणि मान डोलावली. ते वाक्य लिहिताना मला माहीत होतं की मी काय करते आहे.

काहून केलं, तर सांगते. दहावीनंतर तुमच्याकडे आले तेव्हापासून तुम्ही बसच्या कंडक्टरपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना सांगत आलात की ही मोठी होणार आहे. पाच वर्षं मी मोजते आहे आणि पाच वर्षं आकडा शून्य येतो आहे. एकदा त्रेसष्ट आला. मला तो सोडवेना.

कृपा करून सत्कार रद्द करा. माझ्या खोट्या अणूंसाठी लोकांनी मसालेभात खाऊ नये.

सरांना उद्या, सोमवारी, सांगणार आहे.

नंदिनी

◆

बेसा
८ ऑक्टोबर २०२५

प्रिय नंदिनी,

जयभीम. सत्कार रद्द झाला. शालिकरामले सांगतलं, तो ठीक आहे म्हटला. इकडची काहीच काळजी करू नको.

तू सरले सांग. आधी जेव, मंग सांग. उपाशी माणूस जास्तीच माफी मागते.

तुझा मामा

◆

बेसा
१४ ऑक्टोबर २०२५

चि. नंदिनी,
अनेक आशीर्वाद.

मी सव्वीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, म्हणून मी शुद्ध लिहिते आणि खरं लिहिते. तुझ्या मामानं तुला शुद्धही लिहिलं नाही आणि खरंही. मागचं पत्र त्यांनी मला न दाखवताच टाकलं, हे काल तुझ्या फोनवरून कळलं. सत्कार रद्द झाला नव्हता. रविवारी झाला.

ते रद्द करायला गेले होते, हे खरं. डहाकेगुरुजी म्हणाले, बॅनर छापून आला, खुर्च्या सांगून झाल्या, कॉलेजच्या प्राचार्या येणार आहेत. मुलगी येत नसेल तर तुम्ही सत्कार घ्या. हे म्हणाले, "अहो, पण ते अणू खोटे निघाले." तर गुरुजी म्हणाले, "खरं-खोटं पुढे पाहू. लोकांना काय समजतं त्यातलं?"

घरी येऊन त्यांनी मला एवढं वाक्य सांगितलं आणि मग चार दिवस तोंड बंद. रविवारी सकाळी स्वतःच्या हातानं शर्टाला इस्त्री केली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, शाल घ्यायला जातात. मला राग आला होता, तरी गेले.

बॅनरवर तुझा तो वेण्यांचा फोटो, चार फूट उंच. प्राचार्या बोलल्या, गुरुजी बोलले, खूप वेळ बोलले. मग शाल घेऊन उभे राहिले. तुझा मामा उठला, शाल हातानं बाजूला सारली आणि माईक धरला.

"मी जास्त बोलत नाही," ते म्हणाले. "पेपरात जे छापून आलं ते खोटं आहे. अणू नाही सापडले. यंत्रात ऊन शिरलं होतं."

कोणीतरी हसलं. गुरुजी खाली बसल्याबसल्या म्हणत होते, "लोणारेजी, हे नंतर, हे नंतर." यांना ऐकूच येत नाही, ते बोलत राहिले.

"हे तिनं पेपरात छापायले सांगतलं नव्हतं. मी सांगतलं. मले तोंड दाखवायचं होतं तुमच्यासमोर. तिनं स्वतः तपासलं, स्वतः चूक काढली, अन् स्वतः कळवलं. नसतं कळवलं तं कोणाले समजणार होतं? शालिकरामजी म्हणतात, लोकायले काय समजते. म्हणून मी आज आलो. म्हटलं, पाहू तं खरं, समजते का नाही."

तिसऱ्या रांगेतून भैरवी उठली. बी विंगमधली, बँकेत आहे ती. ती म्हणाली, "मला नाही समजलं. ऊन शिरलं म्हणजे कसं? टाकीत शिरलं होतं आणि तुम्ही वर चढून पाहिलं होतं, तसं का?"

"तसंच," हे म्हणाले.

"मग समजलं," ती म्हणाली आणि खाली बसली. मागे धोंडबानं टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच. मग आणखी दोघातिघांनी. बाकीचे मसालेभाताकडे गेले.

टाकीवर चढल्याचं मला असं कळलं. त्याबद्दल मी त्यांच्याशी वेगळं बोलले आहे.

घरी आल्यावर ते बाल्कनीत जाऊन बसले, पाठ करून. जेवायला बोलावलं तर आले नाहीत. मी ताट तिथे नेऊन ठेवलं. त्यांचे डोळे लाल होते. तुझी आई गेली त्यानंतर मी ते असे पाहिले नव्हते. मी भाजीत तिखट जास्त झालं का एवढं विचारलं. ते म्हणाले, "भिवापूरची मिरची आहे, होतेच." आणि जेवले.

आता तुझ्याबद्दल. सोमवारी सरांना सांगणार होतीस. काल फोनवर मी विचारलं तर तू म्हणालीस, "सांगते गं मामी, सांगते." म्हणजे सांगितलं नाहीस. व्याकरण मला कळतं. अडुसष्ट वर्षांचा माणूस अख्ख्या सोसायटीसमोर उभा राहून तुझी चूक स्वतःच्या अंगावर घेऊन आला. तुला एका माणसाच्या केबिनमध्ये जायचं आहे.

जा.

तुझी मामी,
जया

◆

बंगळूर
२१ डिसेंबर २०२५

प्रिय मामा आणि मामी,
सप्रेम जयभीम.

मामीचं पत्र ऑक्टोबरात एका दुपारी मिळालं. जिन्यातच वाचलं, वेण्यांच्या फोटोखाली उभी राहून. तशीच वर गेले. सरांचा चहा चालू होता. मी सगळं सांगितलं, वळलेलं यान, भोक, पाच दिवस. ते ऐकत होते. मग त्यांनी एकच विचारलं, "वेगाचा क्रम लागत नाही हे तुला कधीपासून माहीत होतं?"

मी म्हणाले, "जूनपासून."

त्यांनी कप खाली ठेवला. आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी जिन्याजवळचं कात्रण कोणीतरी काढलेलं दिसलं आणि माझ्या टेबलावर त्यांची चिठ्ठी होती की परिषदेतलं भाषण रद्द करायचं नाही, विषय बदलायचा. अणू नाहीत, भोक. आणि बोलायचं मीच.

मग मी डिसेंबरात दीडशे लोकांसमोर बारा मिनिटं भोकाबद्दल बोलले. आम्ही कसे फसलो, मी काय लपवलं होतं, आणि खोटे कण कसे ओळखायचे. "मी लपवलं" हे वाक्य लिहून नेलं होतं, तरी दोनदा अडखळले. संपल्यावर एक बाई माझ्याकडे आल्या. दुसऱ्या एका यानावर काम करतात. म्हणाल्या, "आमच्याकडे पण पापुद्रा तोच आहे. आम्हाला चाळीस अणू सापडलेत आणि पुढच्या महिन्यात छापणार होतो." आणि तिथेच खुर्चीवर बसल्या. मी त्यांना पाणी आणून दिलं. त्यांना काय वाटत असेल ते मला चांगलंच माहीत होतं.

जर्मनीची जागा गेली. त्यांनी सभ्य मेल लिहिला. मी एक दिवस रडले, दुसऱ्या दिवशी कपडे धुतले. सरांनी फेलोशिप सहा महिने वाढवून मागितली आणि मिळाली. आमच्यात अजून थोडं अवघड आहे. ते माझा प्रत्येक आकडा आता दोनदा विचारतात. विचारू देत.

आणि आता हे. यान वळलेले सगळे तास मी डेटातून काढून टाकले. सहा वर्षांतले सगळे. मग जे उरलं ते पुन्हा पहिल्यापासून चाळलं. एका उद्रेकात, यान अजिबात हललेलं नसताना, गर्दीच्या आधी नऊ कण आलेले आहेत. नऊच. पण ते रांगेत आलेत, मामा. सगळ्यात वेगवान आधी, मग त्याच्याहून हळू, मग त्याच्याहून. प्रत्येकाचा वेग धरून मागे मोजत गेलं की नऊच्या नऊ सूर्यावरून त्याच दहा मिनिटांत निघालेले दिसतात, नेमका उद्रेक झाला तेव्हाच.

नऊला शोध म्हणत नाहीत. शक्यता म्हणतात. प्रबंधात तेवढंच लिहिणार आहे. पण तो क्रम लागला तेव्हा मी खुर्चीतून उठले, आणि चहासाठी नाही.

भोकाबद्दलचा पेपर स्वीकारला गेला आहे. शेवटी आभार असतात. त्यात मी असं लिहिलं आहे, "धम्मानंद लोणारे, मीटर मेकॅनिक, नागपूर, यांनी विचारलेल्या प्रश्नामुळे ही त्रुटी उघड झाली." सरांनी विचारलं, हे कोण? मी सांगितलं. ते म्हणाले, राहू दे.

तुमची,
नंदिनी

◆

बेसा
३ जानेवारी २०२६

प्रिय नंदिनी,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. मामीनं मोठ्यानं वाचलं, मंग मी मनात वाचलं, मंग धोंडबाले वाचून दाखवलं. त्याले नऊ आकडा फार आवडला. शालिकराम अजून बोलत नाही, त्यामुळे इकडं शांती आहे.

जर्मनीचं वाईट वाटलं. खोटं काहून लिहू, मले लय वाईट वाटलं. पण नऊ अणू रांगेत आले हे वाचल्यावर मी उठून अंगणापर्यंत जाऊन आलो. पायात चप्पल नव्हती हे मामीनं सांगतलं.

आता एक गंभीर गोष्ट. आभारात तू मले मीटर मेकॅनिक लिहिलं. ते चूक आहे. मेकॅनिक मी एकोणीसशे नव्वदपर्यंत होतो. रिटायर झालो तेव्हा सीनियर टेक्निशियन होतो, ग्रेड वन. ऑर्डरची झेरॉक्स सोबत जोडली आहे, साहेबाची सही पाहून घे. मामी म्हणते, असू द्या, पोरीनं एवढ्या प्रेमानं लिहिलं. मी म्हटलं, काहून असू द्या? सूर्यावरच्या त्रेसष्ट अणूंसाठी तिनं जर्मनी सोडली, अन् बेस्याच्या माणसाचं पद चुकीचं छापायचं?

दुरुस्त कर. मंग छाप.

तुझा मामा,
धम्मानंद लोणारे
सीनियर टेक्निशियन, ग्रेड वन, निवृत्त